ज्यांना स्वतःचे दात घासता येत नाहीत, त्यांच्या तोंडाची निगा

माझा धाकटा भाऊ आता ३४ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याची अवस्था) आहे, बोलता येत नाही, मूठ मनाप्रमाणे उघडत-मिटत नाही आणि आकडीचे औषध दिवसातून दोनदा घ्यावे लागते. सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या घरी त्याचे दात घासण्याचे काम आधी आई करीत असे. तिचे गुडघे दुखू लागल्यापासून ते माझ्याकडे आले, त्याला आता १६ वर्षे झाली. मी डॉक्टर नाही. पुढे जे लिहिले आहे ते दंतवैद्यांना विचारून घेतलेले आणि रोजच्या रोज हाताने करून पाहिलेले आहे. औषध कोणते, किती आणि उपचार कोणता, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे; पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी आणि तिथून परतल्यावर घरात काय करायचे असते, हे नीट बसून सांगणारे आम्हाला सुरुवातीला कोणी भेटले नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दुखणे ओळखायचे कसे

काम माझ्याकडे आल्यानंतर वर्षभरातच भाऊ उजव्या गालावर स्वतःच्या मुठीने मारून घेऊ लागला. तो घास तोंडातून बाहेर काढायचा आणि रात्री दोन-अडीचला उठून कण्हायचा. आम्ही त्याला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्याचे तोंड उघडून पाहिलेच नाही; वय वाढले की अशी मुले आक्रमक होतात, असे सांगून शांत राहण्याच्या गोळीचा डोस वाढवून दिला. तो दिवसा पेंगू लागला, मारून घेणे मात्र थांबले नाही. अडीच महिन्यांनी एका सकाळी त्याचा गाल आतून पुसत असताना गॉजवर पिवळसर पू आला आणि त्याची दुर्गंधी जाणवली. खालची उजवी दाढ मुळापर्यंत किडून आत गळू झाले होते. दाढ काढल्याच्या तिसऱ्या दिवसापासून त्याचा हात गालाकडे गेला नाही. त्या अडीच महिन्यांचे मला आजही वाईट वाटते, कारण दुखते कुठे ते तो आम्हाला रोज दाखवीत होता.

ज्या व्यक्तीला बोलून सांगता येत नाही, तिच्या वागण्यात अचानक बदल झाला तर सर्वांत आधी तोंडात पाहावे. गालावर किंवा कानापाशी मारून घेणे, हात चावणे, एकाच बाजूने चावणे, कडक किंवा थंड पदार्थ नाकारणे, लाळ एकाएकी जास्त गळणे, झोप मोडणे, तोंडाला वास येणे, ब्रश दिसताच नेहमीपेक्षा अधिक विरोध करणे, ही सारी दातदुखीची भाषा असू शकते. मतिमंदत्व किंवा स्वमग्नता (ऑटिझम) आहे म्हणून तो असे करतो, हे उत्तर तोंड तपासून झाल्यावर द्यावे, त्याआधी देऊ नये.

आठवड्यातून एकदा, सुटीच्या दिवशी उजेडात बसवून तोंड आतून पाहण्याची सवय ठेवावी. मोबाइलचा टॉर्च पुरेसा होतो. बोट दातांच्या मध्ये न घालता गाल आणि दात यांच्या फटीतून आत सरकवून गाल हलकेच बाहेर ओढला, तर चावले जाण्याची भीती नसते आणि दाढांची बाहेरची बाजू पूर्ण दिसते. हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची अगदी सुरुवात असते. या अवस्थेत फ्लोराइडने आणि नीट घासण्याने दात सावरू शकतो. तपकिरी किंवा काळा खड्डा, हिरडीवर फोडासारखी पुळी, हलणारा दात, आठ-दहा दिवसांत न भरलेली जखम, यांपैकी काही दिसले तर दंतवैद्यांकडे जावे. तोंडातली किंवा जिभेवरची जखम दोन आठवड्यांनंतरही तशीच राहिली, तर ती दाखवण्यात मुळीच दिरंगाई करू नये. घासताना हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे बंद करणारी घरे मी खूप पाहिली आहेत. बहुतेक वेळा रक्त येण्याचे कारण हिरडीलगत साचलेला थर हेच असते आणि तो थर मऊ ब्रशने रोज काढला की काही दिवसांत रक्त कमी होते. ज्यांना रक्त न गोठण्याचा आजार आहे, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

बैठक, टॉवेल आणि हात

दात बेसिनपाशी उभे राहूनच घासले पाहिजेत, असा काही नियम नाही. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येते, मोरी अरुंद आहे आणि व्हीलचेअर तिथपर्यंत जात नाही. म्हणून भावाचे दात आम्ही बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात घासतो. त्यासाठी एक वाटी पाणी, दोन ब्रश, गॉजचे तुकडे आणि एक टॉवेल एवढेच लागते. टॉवेल सोलापूरचाच, कारखान्यातला जाड टेरी. तो गळ्याभोवती छातीवर पसरला की लाळ आणि फेस त्यातच जिरतो, आणि त्याच्या एका टोकाने तोंड पुसता येते.

समोर उभे राहून घासले की समोरचा माणूस मान मागे टाकतो, आपला हात थरथरतो आणि दाढा दिसत नाहीत. त्यापेक्षा व्यक्तीच्या मागे उभे राहावे. तिचे डोके आपल्या छातीला टेकवून घ्यावे, डावा हात तिच्या हनुवटीखालून नेऊन जबडा सावरावा, त्याच हाताच्या बोटाने ओठ आणि गाल बाजूला करावा आणि उजव्या हाताने ब्रश फिरवावा. हनुवटी किंचित खाली झुकलेली असावी. मान मागे गेली की पाणी आणि फेस श्वासनलिकेत उतरण्याचा धोका वाढतो आणि ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्यात यातून न्यूमोनिया होऊ शकतो. ज्यांना बसता येत नाही, त्यांना कुशीवर वळवून, डोक्याखाली उशी देऊन घासावे. लहान मूल असेल तर दोघांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावे, मुलाला एकाच्या मांडीवर पाय आणि दुसऱ्याच्या मांडीवर डोके येईल असे निजवावे. पायांकडच्याने हात धरून गाणे म्हणावे आणि डोक्याकडच्याने घासावे. डाऊन सिंड्रोम असलेल्यांपैकी काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, त्यामुळे त्यांची मान जोराने मागे किंवा पुढे कधीही वाकवू नये.

काही जण ब्रश चावून धरतात. सेरेब्रल पाल्सीत हा बहुधा हट्ट नसतो. दाताला काही लागले की जबडा आपोआप मिटतो. अशा वेळी ब्रश ओढून काढू नये, कारण ओढले की पकड आणखी घट्ट होते. थांबावे, गालावरून कानाच्या पुढच्या भागापर्यंत हाताने हळू चोळावे; जबडा सैल पडतो. आइस्क्रीमच्या रुंद लाकडी काड्या चार-पाच एकावर एक ठेवून त्यांना गॉज आणि चिकटपट्टी घट्ट गुंडाळली की तोंड उघडे ठेवण्याचा घरगुती ठोकळा तयार होतो. तो एका बाजूच्या मागच्या दाढांमध्ये ठेवून दुसरी बाजू घासावी, मग बाजू बदलावी. समोरच्या दातांमध्ये तो ठेवू नये, हलणाऱ्या दातावर ठेवू नये आणि त्याचे एक टोक आपल्या हातात राहील इतका तो लांब असावा. आकडी आलेली असताना मात्र तोंडात ठोकळा, चमचा, कांदा, बोट यांपैकी काहीही घालू नये. व्यक्तीला कुशीवर वळवावे आणि आकडी ओसरू द्यावी.

घासण्याचा क्रम रोज तोच ठेवावा. आम्ही उजव्या वरच्या दाढेपासून निघतो, बाहेरच्या बाजूने पूर्ण फेरी मारतो, मग आतली बाजू आणि शेवटी चावण्याचा सपाट भाग. बाहेरची बाजू आधी घेण्याचे कारण असे की त्यासाठी तोंड पूर्ण उघडावे लागत नाही. दात मिटलेले असले तरी ती घासता येते, आणि तेवढ्या वेळात व्यक्ती शांत झालेली असते. ब्रशचे केस हिरडी आणि दात जिथे भेटतात त्या रेषेवर तिरपे टेकवून छोट्या छोट्या हालचाली कराव्यात. जोर लावण्याची गरज नसते. दोन मिनिटे लागतात. एका वेळी जमली नाहीत तर सकाळी उजवी बाजू आणि रात्री डावी, असेही सुरुवातीला चालेल, पण तोंडाचा कोणता कोपरा राहिला ते ध्यानात असावे.

आपल्याकडे दात घासणे म्हणजे सकाळचे काम, अशी समजूत पक्की आहे. झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांना चिकटलेल्या अन्नावर जंतूंना रात्रभर मोकळीक मिळते, म्हणून दिवसातून एकदाच घासणे शक्य असेल तर ते रात्री, शेवटचे औषध दिल्यानंतर घासावे. माझे हे म्हणणे शेजारपाजारी कोणाला फारसे पटत नाही, पण भावाच्या तोंडात गेल्या काही वर्षांत नवी कीड लागलेली नाही आणि त्यात रात्रीच्या घासण्याचा वाटा मोठा आहे, असे त्याच्या दंतवैद्यांनीही सांगितले.

स्वतः घासू शकणाऱ्याला स्वतः घासू द्यावे, आणि नंतर आपण एकदा ब्रश फिरवून घ्यावा. पकड कमजोर असेल तर ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलचे रबर चढवावे, किंवा मऊ रबरी चेंडूला भोक पाडून त्यात दांडा बसवावा. मूठच मिटत नसेल तर ब्रश हाताच्या तळव्याला वेल्क्रोच्या पट्टीने बांधता येतो. बॅटरीचा ब्रश काहींना फार सोयीचा पडतो, काहींना त्याची घरघर सहन होत नाही. विकत घेण्याआधी तो आवाज ऐकवून पाहावा.

पेस्ट किती, पाणी किती

पेस्ट फ्लोराइडची असावी आणि त्यात किमान १००० पीपीएम (दहा लाख भागांत एक हजार भाग) फ्लोराइड असावे. हा आकडा ट्यूबवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ज्यांना थुंकता येत नाही, अशा मोठ्या माणसांनाही आम्हाला तांदळाच्या दाण्याएवढीच सुचवली गेली. ती ब्रशच्या केसांत बोटाने दाबून घ्यावी, म्हणजे गोळा सुटून घशात जात नाही. ब्रश ओला असावा, पण त्यातून पाणी ठिबकता कामा नये. फेस फार होत असेल तर फेस न करणारी पेस्ट मिळते, ती मागून घ्यावी.

घासून झाल्यावर तोंड पाण्याने खळखळून धुऊ नये. फक्त थुंकायला सांगावे, आणि थुंकता येत नसेल तर गॉज बोटाला गुंडाळून गालांच्या आतून व हिरडीवरून पुसून घ्यावे. थोडे फ्लोराइड दातांवर राहिले तरच त्याचा उपयोग होतो. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक डॉक्टरांनी दिले असेल तर चूळ भरण्याऐवजी ते गॉजने किंवा ब्रशने लावता येते, मात्र पेस्ट आणि ते यांच्यात अर्धा तास जाऊ द्यावा आणि सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त ते चालू ठेवू नये, कारण दातांवर तपकिरी डाग चढतात.

नळीने अन्न दिले जाते त्या व्यक्तीचे तोंड स्वच्छच असणार, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात चावणे बंद झाल्याने अशा तोंडात किटण, म्हणजे दातांवरचा कडक थर, अधिक वेगाने साचते, आणि तेच जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. त्यांचेही दात दिवसातून दोनदा घासावेत. घरात लाळ ओढण्याचे सक्शन यंत्र असेल तर ते चालू ठेवून घासावे.

स्पर्श सहन न होणाऱ्यांसाठी

स्वमग्न मुलाला ब्रशचे केस सुयांसारखे टोचू शकतात, पुदिन्याची चव जळजळीत लागू शकते आणि ट्यूबलाइटचा उजेडही त्रास देऊ शकतो. आमच्या ओळखीच्या एका घरात सात वर्षांच्या मुलाला पहिले पंधरा दिवस फक्त ब्रश हातात धरायला दिला. मग गालाला लावायचा, मग ओठाला, मग एका दाताला आणि लगेच बाजूला घ्यायचा. प्रत्येक वेळी आई एक ते पाच आकडे मोठ्याने मोजायची आणि पाचला ब्रश बाहेर यायचा, म्हणजे यायचाच. आपण सांगितले तेव्हा त्रास संपतो, हा विश्वास बसला की मूल सहाव्या आकड्यालाही तयार होते. त्या घरात आकडे तेलुगूत मोजले जातात, कारण सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या मुलाची घरची भाषा तीच आहे. शाळेत मराठी असली तरी धीर देण्यासाठी घरचीच भाषा वापरावी. कोणत्या पायरीनंतर काय होणार, याची चार-पाच चित्रे भिंतीवर ओळीने लावली तरी बराच फरक पडतो. बिनवासाची, बिनचवीची पेस्ट वापरून पाहावी. तीही नको असेल तर काही दिवस नुसत्या ओल्या ब्रशने घासावे. हिसकाहिसकी करून एक दिवस दात स्वच्छ होतात आणि पुढचे सहा महिने ब्रश दिसताच मूल पळते, असा आम्हा अनेकांचा अनुभव आहे.

खाणे, औषधे आणि मिश्री

आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांबद्दल लिहिल्याशिवाय सोलापूरकराचे तोंड पूर्ण होत नाही. कडक भाकरी चावणे निरोगी दातांना जड जात नाही, पण ज्यांच्या जबड्याला ताल नाही किंवा दात हलत आहेत, त्यांना ती आमटीत पूर्ण भिजवून, कुस्करून द्यावी. शेंगा चटणीचे बारीक कण गालाच्या पोकळीत आणि टाळूला तासन्‌तास चिकटून राहतात आणि ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना ठसका लागतो. ती दह्यात कालवून दिली तर गिळायला सोपी जाते, आणि जेवणानंतर गालात बोट फिरवून तो मोकळा करायलाच हवा. शेंगापोळी गुळाची असल्याने ती जेवणाबरोबर द्यावी, मधल्या वेळेला नको.

कीड लागण्याच्या दृष्टीने गोड किती खाल्ले यापेक्षा ते दिवसातून किती वेळा तोंडात गेले, हे महत्त्वाचे असते. चहात बुडवलेले बिस्कीट मऊ असते, सहज गिळले जाते, म्हणून ते अशा व्यक्तींना दिवसातून तीन-चारदा दिले जाते. दातांचे सर्वाधिक नुकसान करणारी वस्तू आमच्या घरात तरी तीच होती. तिच्याऐवजी उपमा, मऊ इडली, कुस्करलेले केळे जेवणाच्या वेळेस, आणि मधल्या वेळेस दही किंवा ताक द्यावे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या वर जातो, तोंड कोरडे पडते आणि आकडीची किंवा मनोविकारांची काही औषधे ते आणखी कोरडे करतात. या दिवसांत सरबत, उसाचा रस घोटघोट देत राहण्यापेक्षा साधे पाणी चमच्याने वरचेवर द्यावे. पाहुणे प्रेमाने चॉकलेट पुढे करतात. त्यांना स्पष्ट पण गोड शब्दांत नाही म्हणायला मी शिकले आहे.

पातळ औषधांत साखर असते, हे आम्हाला फार उशिरा कळले. रोज घ्यावयाचे सिरप साखरविरहित मिळते का, किंवा त्याची गोळी मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे. सिरपच द्यावे लागत असेल तर नंतर दोन चमचे पाणी पाजावे किंवा तोंड पुसावे. फेनिटॉइन या आकडीच्या औषधाने काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. ते औषध स्वतःहून बंद करू नये, आकडी धोकादायक ठरते. स्वच्छता अधिक काटेकोर ठेवावी आणि मेंदूविकार तज्ज्ञांना हिरड्या दाखवून औषध बदलता येईल का ते विचारावे. वारंवार उलटी होणाऱ्या किंवा पोटातले आम्ल वर येणाऱ्या व्यक्तीचे दात उलटीनंतर लगेच घासू नयेत. आधी पाण्याने तोंड साफ करावे आणि अर्ध्या तासाने ब्रश लावावा, कारण आम्लाने मऊ झालेला दाताचा थर ब्रशने झिजतो.

मिश्रीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. विड्या वळणाऱ्या आपल्या कितीतरी आया-बहिणी दिवसातून चार वेळा मिश्री लावतात आणि दाढ दुखते म्हणून मुलाच्याही हिरडीला ती लावून देतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दुखणे काही वेळ बधिर होते, पण कीड आत वाढतच राहते, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट तिथून सुरू होते. ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्या तोंडात ती घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुखऱ्या दाढेवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवणे किंवा लवंगेचे शुद्ध तेल हिरडीला लावणे, यानेही हिरडी भाजते.

दंतवैद्यांकडे जाण्याआधी

एका वहीत व्यक्तीचे वजन, सर्व आजार, सर्व औषधे डोससह, कोणत्या औषधाने अंगावर उठते, शेवटची आकडी केव्हा आली, कोणत्या आवाजाची भीती वाटते आणि काय केले की शांत वाटते, हे लिहून ठेवावे. हृदयविकार असलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी न्यावी. कृत्रिम झडप, पूर्वी झालेला हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग, आणि काही जन्मजात दोष यांत दाढ काढण्यापूर्वी साधारण अर्धा ते एक तास आधी प्रतिजैविक द्यावे लागते. डाऊन सिंड्रोममध्ये जन्मजात हृदयदोष खूप जणांना असतो, म्हणून त्यांच्या बाबतीत ही विचारणा कधीच चुकवू नये. त्यांना कीड तुलनेने कमी लागते, पण हिरड्यांचा आजार तरुणपणीच बळावतो. दात किडलेले दिसत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. हिमोफिलियात (रक्त न गोठण्याच्या आजारात) दाढ काढण्याआधी, आणि दाढेजवळचे भुलीचे इंजेक्शन देण्याआधीही, रक्तविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारा घटक, द्यावे लागते. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळावे लागते. डायलिसिस घेणाऱ्यांनी डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी उपचार घ्यावेत, कारण त्या दिवशी रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनचा परिणाम उतरलेला असतो. डोक्याला किंवा मानेला रेडिएशन द्यायचे असेल तर दातांची तपासणी त्याआधीच पूर्ण करून घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी दाढ काढायची म्हणून स्वतःच्या मनाने थांबवू नये.

फोन करताना जिना आहे का, लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावते का, हे विचारून घ्यावे. सकाळची पहिली वेळ मागावी. वाट पाहावी लागत नाही आणि औषधाचाही अंमल असतो. पहिल्या भेटीत उपचार नकोत, केवळ खुर्चीत बसून परत यायचे आहे, असे आधीच सांगितले तर समजूतदार डॉक्टर तयार होतात. भावाला आम्ही अशा तीन भेटींनंतर खुर्चीत मागे झोपवू शकलो. हात धरून ठेवण्याची वेळ आली, तर का, किती वेळ आणि कोणी धरायचे हे आधी ठरवावे. धरणे शिक्षा म्हणून कधीही नसावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य आहे आणि त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया यांचाही समावेश आहे. उपचारात प्राधान्य मिळण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. त्यामुळे शासकीय रुग्णालयाच्या खिडकीवर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) दाखवून आधी घेण्याची विनंती करताना संकोच करू नये. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय विमा योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते व त्यात प्रतिबंधात्मक दंतोपचारांसाठीही ठरावीक रक्कम असते; बिले जपून ठेवावीत. साध्या उपचारांसाठी आपल्या सिव्हिल रुग्णालयात दाखवता येते. पूर्ण भूल देऊन बरेच काम एकदम करायचे असेल, तर दंत महाविद्यालयातील बालदंतरोग किंवा शस्त्रक्रिया विभागाकडे पाठवले जाते; शासकीय दंत महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर, मुंबई आणि नागपूर येथे आहेत. प्रवासासाठी एसटी आणि रेल्वेत सवलत आहे, आणि गंभीर दिव्यांगत्व असल्यास सोबत्यालाही ती मिळते.

दंतवैद्यांना तीन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. दर तीन महिन्यांनी फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावता येईल का, हा पहिला प्रश्न. तो थर मिनिटभरात लागतो आणि सुईची गरज नसते. दाढांच्या खाचा सीलंटने (खाचा झाकणाऱ्या पातळ थराने) बुजवता येतील का, हा दुसरा. तिसरा सिल्व्हर डायमिन फ्लोराइडचा. हे औषध ठिपक्याएवढे लावले तरी बहुतेक वेळा कीड थांबते, ड्रिल लागत नाही. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो. ज्यांना यंत्राचा आवाज सहन होत नाही त्यांच्या मागच्या दाढांसाठी मला तो काळा डाग मुळीच मोठा वाटत नाही.

पूर्ण भुलीसाठी साधारण सहा तास आधीपासून अन्न आणि दोन तास आधीपासून पाणीही बंद असते. भूलतज्ज्ञ सांगतील ती वेळ अंतिम. आकडीची सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची का, हे त्यांनाच आदल्या दिवशी विचारून वहीत लिहून घ्यावे. एकदा भूल दिली की शक्य तेवढे सगळे काम, भरणे, काढणे, किटण साफ करणे, एकाच वेळी करून घ्यावे आणि रक्ततपासणी वा कानाची तपासणी राहिली असेल तर तीही त्याच वेळी होईल का ते विचारावे.

जागेपुरती भूल दिली असेल तर पुढचे दोन-तीन तास सर्वांत जोखमीचे असतात. ओठ बधिर असतो, विचित्र लागतो, आणि मूल तो चावत राहते. संध्याकाळी ओठ सुजून जखम दिसते तेव्हा घरचे घाबरतात. भूल उतरेपर्यंत खायला देऊ नये, गरम चहा तर नकोच. भावाला त्या वेळात मी शेजारी बसवते, घडी घातलेला टॉवेल त्याच्या हातात देते आणि दर थोड्या वेळाने खालचा ओठ बोटाने बाहेर ओढून पाहते.